पैसे सोडून काहीही

३ फेब्रुवारी

धाकटीने नोकरी सोडली! विमा कंपनीतली, केबिन-बिबिन असलेली. नवऱ्यालाही सोडायला लावली. फोनवर म्हणते कशी, "ताई, आता पैशाला हातच लावायचा नाही असं ठरवलंय आम्ही. बघू तरी, सुख कशात असतं ते." मी म्हटलं, "बरं आहे, पाकीट घ्यायचा खर्च वाचेल." त्यावर इतकी हसली की मीच फोन आपटला.

दिवाळं वाजलं की येईल माझ्या लाँड्रीच्या दुकानात हात पसरत. लिहून ठेवते इथे.

२७ एप्रिल

आली नाही अजून.

उलट बाईसाहेबांनी पुढच्या खोलीत लांब टेबल टाकलंय आणि दाराला पाटी लावलीय – मोडलेलं काहीही आणा, बदल्यात पैसे सोडून काहीही द्या. लोक आणतात! उसवलेले कोट, काड्या मोडलेल्या छत्र्या, कुरकुरणाऱ्या खुर्च्या. आणि बदल्यात कुणी भाजी देतं, कुणी गच्ची झाडून देतं, कुणी नुसतं गाणं म्हणून जातं. घरभाडं? तेही नाही! मालक वरच राहतात, म्हातारे कंपाउंडर. ही दोघं त्यांचं जेवणखाण, औषधपाणी, आंघोळीचं पाणी सगळं बघतात. म्हणून ते भाडं घेत नाहीत. म्हणजे सगळं जमून आलंय. तिचं नेहमीच जमून येतं. लहानपणी ताप मला यायचा आणि आईच्या मांडीवर ही असायची.

९ मे

आज हे तिकडे गेले होते. "सहज," म्हणाले. दुपारभर सहज!

२ जून

आता रोज सहज. रिटायर झाल्यापासून ह्यांना घरात साधा बल्ब बदलायला दहादा सांगावं लागतं. तिकडे खुर्च्या विणतात, छत्र्यांना काड्या बसवतात. काल दुकानातून येताना मुद्दाम त्या गल्लीतून आले. आतून हसण्याचा आवाज. वाटलं, कोण पाहुणा आलाय एवढा खुशीत? खिडकीतून बघितलं तर हे! इतक्या वर्षांचा संसार, आणि हे हसणं मला ओळखता आलं नाही.

मला मत्सर वाटतो. घ्या, लिहिलं. जळफळाट होतो नुसता.

आणि मी विचारते, पैसा एवढा वाईट ना? मग ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कशावर झालं – हसण्यावर? हे घर कशावर उभं राहिलं? मी पहाटे उठून लोकांचे कपडे धुतले, इस्त्र्या केल्या, वाफेने हात पोळून घेतले, तेव्हा कुठे ते दुकान झालं. तेव्हा कुणी आलं नाही माझ्या दारात गाणं म्हणायला.

१४ जून

गेलेच शेवटी. हँडबॅगची कडी निघाली होती, तेवढंच निमित्त. धाकटीने चुटकीसरशी बसवून दिली. माझा हात सवयीने पर्समध्ये गेला, नोट बाहेर आली. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे तर जमिनीकडे.

"ताई, पाटी वाचली नाहीस?" धाकटी म्हणाली. "काय देतेस बोल."

मी म्हटलं, "दुकानात येऊन चादरी धुऊन ने. फुकट."

"दुकान नको गं. तू दे काहीतरी. असं कर, एक दुपार दे. ये, बटणं लावू, गप्पा मारू."

बरं म्हटलं. पण एक दुपार म्हणजे काय चेष्टा आहे? लग्नसराईचे कोट येऊन पडलेत!

१६ जून

माझ्याऐवजी दुकानातल्या मावशींना पाठवलं. भरपगारी, वर रिक्षाचे पैसे दिले. माझ्यापेक्षा बटणं शंभरपट चांगली लावतात त्या. मला तरी हे रीतसरच वाटलं.

हे घरी आले ते तोंड पाडून. "अगं, तिने तुला बोलावलं होतं. बटणांना नव्हतं बोलावलं."

१७ जून

मावशी आज इस्त्री करताना गुणगुणत होत्या. "बरं वाटलं हो तिकडे," म्हणाल्या. मी विचारलं, "आणि इथे नाही वाटत?" त्या जरा गोंधळल्या. म्हणाल्या, "इथे पगार मिळतो की."

ह्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. वाटलं मात्र.

५ जुलै

कंपाउंडर आजोबा कोट न्यायला दुकानात आले. कोट हातात घेऊन बसूनच राहिले. मुलगी कायमची न्यायला येतेय, घर विकायचंय. म्हणाले, "बाहेरच्याला देण्यापेक्षा तुम्ही घ्या. भावात कमी करतो. तुम्ही घेतलंत म्हणजे तुमच्या बहिणीला कुणी हलवणार नाही, माझ्या जिवाला घोर नाही."

मी इतक्या झटकन हो म्हटलं की तेच चपापले. म्हटलं, "धाकटीला मी सांगेन. तुम्ही बोलू नका."

६ जुलै

वाईट काहीच करायचं नाहीये. भाडं घ्यायचं, बस. चारचौघं घेतात तेवढं. मग त्यांना नोकरी बघावी लागेल, ते टेबल उचललं जाईल, आणि हे घरी येतील. मला हे घरी हवेत. असे हसणारे. एवढंच.

२ ऑगस्ट

सह्या झाल्या. साठवलेलं सगळं गेलं. ह्यांना पत्ता नाही.

१० ऑगस्ट

आज तिकडे जाऊन सांगितलं. धाकटीने ओरडून मिठीच मारली! "ताई! म्हणजे आता आपलंच!" तिच्या केसांना डिंकाचा वास येत होता. मग डोळे पुसत म्हणाली, "आजोबांचं आम्ही सगळं करायचो. आता तुझं काय करू सांग. तुझा डबा देत जाऊ रोज? उपाशी उभी असतेस दुकानात."

तेव्हाच गप्प बसायचं होतं. पण भाड्याचा आकडा पाठ करून गेले होते. बोलून टाकला.

हे खुर्चीचा पाय चिकटवत होते. पाय धरून तसेच बसले.

धाकटी भांडली असती तर मीही भांडले असते. तयारीने गेले होते. ती म्हणाली, "एवढे कुठून आणणार, ताई? बघते, जुन्या साहेबांना विचारते." आणि मला पाणी दिलं. दिलं आणि मी प्यायले! एवढी निर्लज्ज.

११ ऑगस्ट

हे बोलत नाहीत. बोलतील. कुठे जातील?

३१ ऑगस्ट

पाटी काढली. धाकटीला साहेबांनी परत घेतलं, तिचा नवरा गोदामात लागला. भाडं आजच आलं, पाकिटात, नव्या कोऱ्या नोटा. मावशी म्हणाल्या, "आता छत्री कुठे द्यायची हो?" मी म्हटलं, "नवी घ्या." मग गल्ल्यातून पैसे काढून दिले तर नको म्हणाल्या.

मनासारखं झालं की सगळं. मग ते पाकीट गल्ल्यात का टाकवत नाही?

३ सप्टेंबर

हे दिवसभर घरी असतात. न सांगता बल्ब बदलला. कपबशा विसळल्या, माझ्या चपलेचा अंगठा शिवून ठेवला. मी म्हटलं, "अहो, एवढं कशाला?" म्हणाले, "असू दे."

बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

४ सप्टेंबर

जेवताना ह्यांनी विचारलं, "मी इथे राहतो, त्याचं महिन्याचं किती द्यायचं? कामं करतोय, पण पैशातच हवं असेल तर पेन्शनमधून बाजूला काढत जाईन." टोमणा असता तर मी ओळखला असता. खरंच विचारत होते. उत्तरासाठी थांबले होते.