गाडीला फिटनेस मिळाला

३ ऑगस्ट १९८७
आजपासून रोज लिहिणार. कोरगावात स्वतःची बस असलेला माणूस मी एकटाच. कुठेतरी नोंद हवी.

४ ऑगस्ट
आरटीओचा नवा इन्स्पेक्टर गोकुळदास पेडण्यात गाडीखाली शिरला. म्हणे ब्रेकचं ऑइल गळतंय, पाइप बदला, तोवर गाडी बंद. गोवा राज्य झाल्यापासून ऑफिसरांना कामं दाखवायची हौस आली आहे.

५ ऑगस्ट
ड्रायव्हर सगुण मला मालक न म्हणता पात्रांव म्हणतो. त्याचंही तेच. "पात्रांव, पायप बदलूक जाय." मुळात हा ब्रेक फार दाबतो. तसं त्याला समजावलं.

६ ऑगस्ट
आयडिया! गळतीवर एम-सील थापलं, काळा रंग मारला, ऑइल काठोकाठ भरलं. पाइप नवा दिसतो. दिसतो म्हणजे झालाच की.

७ ऑगस्ट
पास! गोकुळदासने पेडल दाबलं, गाडी जागच्या जागी थांबली. पेढे वाटले. सगुणने घेतला नाही. शुगर असेल. बायको चंद्रावती बाजाराला गेली ती गौरेशच्या बसने. प्रतिस्पर्ध्यालाही धंदा द्यायचा, मन मोठं आहे तिचं.

१९ ऑगस्ट, सकाळ
पेडल तळाला जातं, पाइप बदलल्याशिवाय गाडी काढणार नाही, असं सगुण म्हणाला. मी म्हटलं, मग उद्यापासून येऊ नको. घरी चार तोंडं आहेत त्याच्या. मुकाट्याने गाडी काढली. माणसं अशी सांभाळावी लागतात.
पाइप चतुर्थीनंतर. नक्की.

२२ ऑगस्ट
चोपड्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. खाली फेरीबोटीचा धक्का, पुढे नदी. गाडी चतुर्थीच्या बाजाराने भरलेली. सगुणने ती माडावर घातली. लोक वाचले. त्याचा पाय चेपला.
माडाच्या अलीकडे चिखलाचं शेत होतं. तिथे घातली असती तर काच वाचली असती.

२४ ऑगस्ट
सगुणचा पाय गुडघ्यातून कापला. मी ठरवलंय, त्याला काढायचं नाही. हिशेबाला बसवीन. पगार अर्थात कमी. चंद्रावतीला हे सांगितलं. ती माहेरी पार्स्याला गेली. हळवी आहे.

३१ ऑगस्ट
म्हापशाला चौकशी. गोकुळदासने फुटका पाइप टेबलावर ठेवला. मी म्हटलं, एम-सील सगुणने लावलं. त्यावर माहेरून येऊन मागे बसलेली चंद्रावती उभी राहिली. रंग ह्यांनीच मारला, मी बघितलं, म्हणाली. परमिट रद्द. पोलीस केस वेगळी.
परत येताना गौरेशचीच बस मिळाली. सगुणची बायको देवकी हॉस्पिटलातला रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून सरकली, शेजारी जागा केली.
"बसा, पात्रांव. ह्या गाडयेचे ब्रेक लागतत."
सगळी बस खिडकीबाहेर बघत होती.
पुढच्याच स्टॉपवर उतरलो. कोरगाव तिथून बरंच लांब. चालणं तब्येतीला चांगलं असतं.