नवसूच्या डब्यातल्या गोळ्या

२२ जुलै
ओपीडी रिकामी, सगळे भाताच्या आवणीवर, रोपं लावायला. दुपारी नवसू आला, मागे बायको चिमी. भिवंडीकडच्या भट्टीवर विटा पाडणारी जोडी. मागे कधीतरी त्याची पाठ गेली, तेव्हापासून मुकादम सकाळच्या चहाबरोबर ट्रामाडोल देतो. दुखणं थांबतं, दिवसभर उकिडवं बसता येतं. आता गावी आला तरी गोळी सुटत नाही, दिवसाला तीन लागतात. चुकली की घाम, जांभया, जुलाब, पाय ओढतात. "हाडांत मुंग्या चालतात," म्हणाला.
भट्टीवरून येताना बिस्किटांचा अख्खा डबा गोळ्यांनी भरून आणलाय! माझं डोकंच फिरलं. ओरडले. तो शांतपणे, "तू ओरडशील म्हून तं इतकं दिस आलू नाय, बाई." इथे डॉक्टरलाही तूच म्हणतात. सुरुवातीला टोचायचं. आता कोणी तुम्ही म्हटलं की दचकते.

२३ जुलै
डबा काढून घ्यावा का? घेतला तर जव्हारला जाऊन आणेल, चिठ्ठी विचारतंय कोण. एकदम बंद केली तर झटकासुद्धा येऊ शकतो. आपल्या केंद्रात ही गोळी येत नाही. म्हणजे त्याच्याच डब्यातून, हळूहळू.
डबा चिमीच्या ताब्यात. आधी संध्याकाळची अर्धी करायची, मग दुपारची. ती विळीवर कापून देईल, उरलेली अर्धी डब्यात, दुसऱ्या दिवशीसाठी.
दिवाळीनंतर मुकादमाची गाडी येते, जोड्यांना भट्टीवर न्यायला. त्याआधी सुटली पाहिजे. भट्टीवर माझा हात पोचत नाही, आणि तिथे गोळी फुकट.

५ ऑगस्ट
वाईट आठवडा. नवसू झोपत नाही, अंगणात येरझाऱ्या. आमच्या आशा कार्यकर्त्या यमुनाताई रोज जाऊन येतात. घरच्यांनी भगत बोलावला. मी भगताला गाठून म्हटलं, काय करायचं ते कर, फक्त गोळी एकदम बंद करायला सांगू नकोस. "बरा," म्हणाला. आमचं तसं जमतं.

१९ ऑगस्ट
पाड्यावर गेले. नवसूच्या चेहऱ्यावर थोडा उजेड. भूक लागायला लागली. पाठीचे व्यायाम मनापासून करतो, पोरं भोवती उभी राहून हसतात, तोही हसतो.
चिमी शेतात तण काढत वाकलेली, दोघांची बेणणी एकटी करत. थकत नाहीस का म्हटलं. "नाय," एवढंच.

१३ सप्टें.
नवसू आता सकाळच्या अर्ध्या गोळीवर. पाठ दुखते, पण चालतो, लाकडं आणतो. उकिडवं मात्र फार वेळ बसवत नाही, ते बहुतेक कधीच जमणार नाही. मोखाड्याच्या मीटिंगमध्ये मी त्याची केस सांगितली. जरा फुशारकीच मारली. मारू दे, वर्षातून एखादी.

२५ सप्टें.
डबा रिकामा. यमुनाताईंनी सांगितलं. दिवाळीपर्यंत पुरून उरायला हव्या होत्या.
नवसूला बोलावलं. बाकावर पेशंट बसलेले, त्यांच्यादेखत विचारलं, "चोरून खाल्ल्यास ना?" तो भिंतीकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं. छत्री उचलून गेला. दिवसभर राग राग. फसवलं मला.

२६ सप्टें.
चिमी एकटी आली. नाक वाहतंय, अंगाला घाम, सारख्या जांभया. बघताक्षणी कळायला हवं होतं मला. बसलीसुद्धा नाही.
"त्याला नको बोलू. मी खाल्ल्या."
कापलेली अर्धी गोळी दमट हवेत राहत नाही. डब्यात ठेवली की सकाळपर्यंत भुगा. नवऱ्याला अख्खीतून नवी कापून द्यायची, भुगा उरायचा. "दवा हाय. टाकू कशी?" म्हणून गिळायची. मग बेणताना दिवसभर कंबर दुखली नाही, जन्मात पहिल्यांदा. मग भुग्याने भागेना.
या घरांत पुरुष जेवल्यावर जे उरेल ते बाई खाते, हे मला चांगलं माहीत आहे. कुपोषणाच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये मीच तावातावाने सांगते. गोळीच्या बाबतीत डोक्यातही आलं नाही. ती गेल्यावर दार लावून रडले.

२७ सप्टें.
पाड्यावर गेले, नवसूची माफी मागायला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि इथे चोर तरी कोण? तो कुडाच्या भिंतीला शेण लिंपत होता. हात थांबवला नाही.
"मना ठावं होता," म्हणाला.
मग बोलला का नाहीस?
"बोललू असतू तं तू तिच्यावर ओरडली असतीस."
तिथेच जमिनीवर बसून राहिले. चिमीने कोरा चहा दिला.

१२ ऑक्टो.
डबा संपल्यापासून नवसूची ती अर्धीही सुटली. कोणालाच आनंद नाही. चिमीची कमी करणं आता सुरू केलंय. मीच चिठ्ठी लिहिते, यमुनाताई जव्हारहून आणतात आणि स्वतःकडे ठेवतात, रोज मोजून देतात. पण भाताची कापणी तोंडावर. कमी केली की तिला उठवत नाही. "कापणी कोण करंल? तो वाकत नाय." बरोबर बोलते. इतकं सावकाश कमी करायचं तर दिवाळीपर्यंत होणार नाही.

२८ ऑक्टो.
दोघांना इथेच काम मिळावं म्हणून पंचायतीत दोन चकरा. रस्त्याचं काम निघेल म्हणतात. कधी? निघेल. चिमीला म्हटलं, यंदा जाऊ नका. ती माझ्याकडे दयेने बघत होती, लहान पोराकडे बघावं तशी.
भट्टीवर एकट्याला घेत नाहीत, जोडीच लागते.

११ नोव्हें.
गेले. काल पहाटे गाडी आली होती. दाराला दोरी बांधलेली. चिमीच्या पुढच्या आठवड्याच्या गोळ्या यमुनाताईंकडेच राहिल्या. न्यायला थांबली नाही. सकाळी पेशंटांवर विनाकारण खेकसले.

१४ नोव्हें.
भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर मिळवला. तिथल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, आली तर बघू. येईल कशी? तिला माहीतच नाही.

१९ नोव्हें.
यमुनाताईंनी मुकादमाचा नंबर शोधून आणला. दुपारी लावला. चिमीशी बोलायचंय म्हटलं.
"कामावर आहे मॅडम, संध्याकाळी करा. पण चिंता नको. एक नंबर जोडी! सगळ्यात जास्त विटा त्यांच्याच पडतात."
नवसू बसतो का कामाला, विचारलं.
"बसतो ना. दोघंही. सकाळचा चहा झाला की उठायचं नावच घेत नाहीत."
संध्याकाळी पुन्हा लावला. उचलला नाही.