टकळीवाली परी

सोलापूर, रविवार

चि. सौ. निलव्वा हिस अक्काचे आशीर्वाद.

तुझी शुगर, तुझ्या यजमानांची पाठ आणि सांगोल्याची डाळिंबं, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करते. माझे गुडघे होते तिथेच आहेत. तुझ्या नातीच्या बारशाला मला बोलावणं आलं नाही, याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. (सख्खी मोठी बहीण. एकुलती एक.)

लिहायचंय ते बॅलेबद्दल. शेजारची काव्या मुलांना हा विलायती नाच शिकवते, पायाच्या अंगठ्यांवर उभं राहून. (कॉन्व्हेंटात सिस्टर आपल्याला असं उभं करायच्या, तेव्हा त्याला शिक्षा म्हणत.) तिनं शंभर वर्षं झोपणाऱ्या राजकन्येची गोष्ट बसवली. राजाकडे बारसं असतं, सगळ्या पऱ्यांना बोलावणं जातं, एका म्हाताऱ्या परीला तेवढं जात नाही. ती येऊन शाप देते, की मुलीच्या बोटात टकळी टोचेल आणि राजपुत्र येऊन उठवेपर्यंत ती झोपून राहील. ते काम मला! "आजी, नाचायचं नाही, नुसतं रागवायचं. आणि बॅलेत बोलायचं नसतं हं." हे तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेल्या बाईला. तालमीत माझा राग बघून पोरगी थक्क. एवढा राग कुठून आणता, म्हणाली. मी म्हटलं, सांगोल्याहून.

काल संध्याकाळी प्रयोग झाला. कडक भाकरीसारखे ताठ झगे घालून चिमुकल्या पऱ्या अंगठ्यांवर तरंगत आल्या आणि (खरं सांगते) मी माझा राग विसरून बघत राहिले. मग मी शिरले, हातात टकळी. पाळणा दिसला, सजलेल्या बायका दिसल्या, आणि तोंडून निघून गेलं, "सांगोला ते सोलापूर एवढं लांब आहे का गं?"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून चटणीवाली मल्लव्वा उठली. "म्हातारीचं काय चुकलं? बारशाला बोलवायचं न्हाय, आन शाप दिला की रडायचं? कुंकू लावा की तिला!" राणीचं काम करणारी अंकिता घाबरली. मल्लव्वा स्टेजवर चढली, स्वतःच्या पिशवीतली डबी काढली, मला कुंकू लावलं, अंकिताला माझ्या पाया पडायला लावलं आणि पाळण्यातली बाहुली माझ्या मांडीवर ठेवली. टाळ्या! आता कोणत्या तोंडानं शाप देणार? मी टकळी कमरेला खोचली आणि पाळणा म्हटला.

पण त्यामुळे राजकन्या झोपलीच नाही, आणि बॅलेचे दोन अंक उरले. राजपुत्र झालेला शिवपुत्र घट्ट पांढरी विजार घालून विंगेत ताटकळत होता. शेवटी तो गिरक्या घेत खाली उतरला आणि हॉलमध्ये खरोखर झोपलेले एकच होते त्यांना, म्हणजे प्रमुख पाहुण्यांना, जागं केलं. काव्या माझ्याशी बोलत नाही. मल्लव्वानं मात्र पाव किलो शेंगाचटणी पाठवली.

तुझी (बोलावणं नसलेली)
अक्का

ता. क. काव्या आत्ताच बोलायला आली. प्रयोगाचे फोटो घालताना तिनं माझ्या फोनमध्ये बघितलं, तर 'ब्लॉक' नावाची एक यादी निघाली आणि त्यात तू एकटीच. संक्रांतीला माझ्या पोळ्यांना नावं ठेवलीस तेव्हाचं असावं. म्हणजे तू बोलावलंही असशील. चूक फोनची आहे.

ता. क. २ जावळाला बोलाव. मी आदल्या दिवशीच येते. लाकडी टकळी घरी ठेवून येईन. दुसरी तोंडातच असते, तिचं तू बघ.