तिसऱ्या वळणावरचा आवाज

चि. भिंगरीस,

गॅरेजात शिरणाऱ्या गाडीचं दुखणं मी आवाजावरून सांगतो, म्हणून लोक मला मानतात. तूही मानतेस, हीच पंचाईत झाली आहे.

चाचणीत तिसऱ्या वळणावर तुझी रेसची गाडी मंदावली. तू म्हणालीस, "इंजिन मिसिंग मारतंय." टीमचा मालक हसला, "पोरगी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलते. काका, तुमचे कान काय म्हणतात?"

इंजिनच अडखळत होतं, मी स्वच्छ ऐकलं होतं. पण तू भिंतीला घासून गेलीस तेही मी पाहिलं होतं. वाटलं, सुटू दे हे खूळ. म्हणालो, "पायच उचलला."

त्यांनी तुला टीममधून काढलं. तू माझ्याशी कडाकडा भांडशील, असं धरून चाललो होतो. उलट काल तू आईला फोनवर म्हणालीस, "बाबांनी ऐकलं म्हणजे माझाच पाय उचलला गेला असणार. मला कळलंसुद्धा नाही गं. आता गाडीत बसायचीच भीती वाटते."

तुझा पाय हलला नव्हता, बाळा. एवढं एक वाक्य सांगायला आज तीनदा फोन केला, आणि तिन्ही वेळा "जेवलीस का?" विचारून ठेवून दिला.

तुझा,
बाबा