तिच्या आवाजाचं माप

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न., आणि सोबत थोडा संताप.

कॉलेज सोडून या स्पीकरच्या दुकानात आलो तो खरा आवाज शिकायला. इथे गिऱ्हाईक येतं, छातीवर हात ठेवतं आणि म्हणतं, इथे धडधडलं पाहिजे. मालक लगेच खोकं हलवणारी स्पीकरची जोडी लावतो. गिऱ्हाईक खूश. कान आहेत की चष्मा अडकवायच्या खुंट्या, देव जाणे!

मी स्वतःची जोडी बांधलीय. गोडवा नाही, धडधड नाही; जे आहे ते. माझ्या वर्गातली ती, दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी, आठवते ना? तिच्याच एका रेकॉर्डिंगवर महिनाभर जुळवली. डोळे मिटले की ती समोर. पंधराला, रविवारी, तिला ऐकवणार आणि लग्नाचं विचारणार. बाबांना बोलू नकोस.

बहिऱ्या जगात एकटा पडलेला,
भाऊ

९ मार्च

चि. तापटरावांस,
अ. उ. आ., आणि एक टपली.

बाबांना सांगितलं नाही. त्यांना अजून कॉलेजचाच धक्का पचायचाय.

जोडी जुळली हे तू कशावरून ठरवलंस? डोळे मिटून? वर्षभर तिच्याशी बोलला नाहीस. अंगावर न घालताच कपडा बसला म्हणणारा शिंपी मी अजून पाहिला नाही. लग्नाचं विचारण्याआधी तिला स्पीकरशेजारी बसवून रेकॉर्डिंगमधलं तेच पान वाचायला लाव.

माया आहेच; कीव वाढते आहे,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न., मान खाली घालून.

ती दुकानात आली. पान संपेपर्यंत ऐकलं, मग विचारलं, ही कोण? मला वाटलं चेष्टा करतेय. तिने पुस्तक उघडून तेच पान वाचलं. ताई, तिचा आवाज कोरडा आहे, जरा नाकातला, वाक्याच्या शेवटी धार येणारा. माझ्या जोडीतली कुणीतरी साय फासलेली बाई होती.

त्यात भर म्हणून तिथेच उभं असलेलं ते छातीवर हात ठेवणारं गिऱ्हाईक म्हणालं, इतका गोड आवाज या दुकानात ऐकलाच नव्हता, आत्ताच बांधून द्या. मालकाने माझी पाठ थोपटली. एवढी मोठी शिवी मला आजवर कुणी दिली नव्हती.

लग्नाचं विचारलंच नाही. तिने ते ओळखलं. जाताना म्हणाली, स्पीकर माझ्यासारखा बोलला की बोलव आणि मग विचार. तोवर त्या दुसरीलाच विचार.

जोडी विकली नाही, उघडून टेबलावर पसरलीय. आवाज मोजायचा मीटर निघाला मालकाकडेच, फडक्यात गुंडाळलेला. खरा आवाज कुठे आहे ते रोज मोजूनच तो गिऱ्हाईकासाठी मुद्दाम गोड करतो म्हणे. मी तेवढंही केलं नव्हतं.

लोभ आहे तेवढाच राहू दे, गोड करू नकोस,
भाऊ