गरुडाला पाणी लावू नकोस

भिसेगाव, कर्जत
गुरुवार

आदरणीय ठकूआत्यास,

दर्शनाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल अशी आशा आहे. तुझा गुडघा कसा आहे? आईने पाठवलेलं तेल तू लावतेस की बाटली चांगली आहे म्हणून कपाटात जपून ठेवली आहेस? (आई म्हणते, ठेवलीच असेल.) बुधाजी मामांचा खोकला थांबला का? त्यांना सांग, की बाबांनीही तंबाखू सोडली आहे. म्हणजे घरात सोडली आहे. बाहेरचं मला माहीत नाही, म्हणून मी नक्की सांगत नाही.

पुढे लिहिण्याआधी एक गोष्ट. सुमितदादाने रविवारच्या क्रिकेटच्या फायनलसाठी आमच्या कारखान्यातून नेलेला पंधरा टी-शर्टांचा गठ्ठा तुझ्या ओसरीवर असेल. त्याला पाणी लावू नकोस. नवं कापड एकदा पाण्यातून काढल्याशिवाय तू कुणाच्या अंगाला लागू देत नाहीस, हे मला माहीत आहे. माझी बारावीची परीक्षा होती तेव्हा तू नवा रुमालसुद्धा धुऊन दिला होतास आणि मी तो ओलाच घेऊन गेले होते. पण या वेळी ऐक. हे वाचताना तो गठ्ठा बादलीत असेल, तर पत्र इथेच ठेव, आधी तो बाहेर काढ आणि मग पुढे वाच. मी थांबते.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात आलं असेल. तुझा फोन दिवसभर सुमितदादाच्या खिशात असतो. त्याने हे ऐकलं, की दहा मिनिटांत सगळ्या टीमला कळणार आणि वीस मिनिटांत तुमच्या कशेळ्याच्या नाक्यावर माझं नाव निघणार. शिवाय फोनवर मी मधेच रडते आणि तू "बरं, ठेव" म्हणतेस. म्हणून पत्र आणि त्यासोबतचं पाकीट जीपवाल्या नामाच्या उद्या सकाळच्या पहिल्या फेरीने पाठवते आहे. (पाकीट पत्र संपेपर्यंत उघडू नकोस. त्यात खायचं काही नाही.)

तुला माहीत आहेच, की चौक गावाजवळच्या हर्षला ताईंच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मला तीन महिने होत आले. हे तीन महिने पारखण्याचे. परवा शनिवारी ते संपतात. पास झाले तर मला मशीनवर बसवणार, नाही तर पुन्हा टेबलावर सुटे धागे कापायला. धागे कापणं वाईट काम नाही, पण तू मला आठव्या वर्षी मांडीवर बसवून साखळी टाका शिकवलास तो काय धागे कापण्यासाठी? तेव्हा शनिवार माझ्यासाठी मोठा आहे, आणि तो सगळा तुझ्या ओसरीवरच्या गठ्ठ्यात बांधलेला आहे. कसा, ते आता क्रमाने सांगते. (क्रम चुकला तर माफ कर. एकदा कच्चं लिहून पाहिलं, पण तेही चुकलं होतं.)

मशीनला सहा डोकी आहेत. म्हणजे एकाच वेळी सहा शर्टांवर एकच चित्र उमटतं आणि माणूस नुसता उभा राहून बघतो. पहिल्या दिवशी मला फार लाज वाटली, काहीच न करता पगार घेतल्यासारखी. म्हणून मी एक वही केली आणि कानावर पडेल तो शब्द त्यात लिहू लागले. "फ्रेम" म्हणजे एकात एक बसणारी दोन कडी. त्यांत कापड हलगीच्या कातड्यासारखं ताणून बसवायचं, पण होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टाचं, असेल तर ताणायचं नाही, नुसतं बसवायचं. (ताणायचं आणि ताणायचं नाही, ही दोन्ही वाक्यं माझ्या वहीत एकाखाली एक आहेत. दोन्ही बरोबर आहेत. मी विचारून घेतलं आहे.) "पंचिंग" म्हणजे सुई कुठे पडणार ते कॉम्प्युटरवर आधीच ठरवून ठेवणं. ते काम स्वप्नील करतो. एकदा मी त्याच्या पडद्यावर पाहिलं, तर शाळेच्या बिल्ल्यातला गोल गोल नव्हता, चांगला लांबट होता. मी सगळं जेवण होईपर्यंत विचार केला, सांगावं की सांगू नये, आणि मग कुणाचं नुकसान नको म्हणून हळूच सांगितलं. तो म्हणाला, "टाका कापड ओढतो. गोल पायजे असंल तर अंडं काढावं लागतं." ते मी वहीत लिहून घेतलं, आणि त्याच्यावर संशय घेतला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याची माफीही मागितली. त्याला कशाबद्दल ते आठवत नव्हतं. मग मला सगळं पुन्हा सांगावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. तू मला काय शिकवलंस? कापड हातात आलं की आधी उलटं करायचं. सुलट बाजू कुणीही नीट करतं, बाईचा हात उलट बाजूला कळतो. तुझ्या भरतकामाच्या मागे एकही गाठ दिसत नाही, एकही धागा लोंबत नाही, हे अख्ख्या कशेळ्याला माहीत आहे. तर सुमितदादाच्या टीमचे शर्ट मशीनवर चढले, छातीवर पंख पसरलेला गरुड, चोच उघडलेली, नजर अशी, की मलाच दोन पावलं मागे सरावंसं वाटलं. पहिला शर्ट उतरला आणि मी तो उलटा केला. आत्या, आत काय होतं सांगू? मागे जाड पांढऱ्या कागदासारखा तुकडा चिकटलेला, आणि प्रत्येक पिसाच्या मधोमध पांढऱ्या धाग्याची पट्टी. सोनेरी गरुडाच्या पोटात पांढरा दोरा! मला वाटलं, मी चुकीचा दोरा भरला. त्या दिवशी खालच्या दोऱ्याच्या बॉबिन मीच भरल्या होत्या.

रूपेश, म्हणजे मशीन चालवणारा, चहाला गेला होता. त्याला उगाच त्रास नको म्हणून मी सहाही डोक्यांचे ताण कमी-जास्त करायचे खिळे थोडे थोडे फिरवले, पांढरं दिसेनासं होईपर्यंत. दिसेनासं झालं. पण पुढच्या तुकड्यावर वरच्या बाजूला सोनेरी धाग्याचे फास निघाले, टॉवेलला असतात तसे. रूपेश आला, बघत राहिला आणि म्हणाला, "अगं बाय, गरुडाला दाढी आली." मग त्याने सांगितलं, की खालचा पांढरा मागून मधोमध तिसरा हिस्सा दिसलाच पायजे, तेव्हाच टाका बरोबर बसला समजायचं. "नाय दिसला तर घाबर, दिसला तर घाबरू नको." मी ते वहीत लिहिलं आणि सहाही खिळे त्याने परत जागेवर आणले. नशीब, तो तुकडा नमुन्याचा होता.

इथे मी थांबायला हवं होतं. पण दोऱ्याचं समजलं, कागदाचं कुणी सांगितलं नाही, आणि एका दिवसात दोनदा विचारायला मला संकोच वाटला. मला वाटलं, कागद हा छपाईवेळी खाली रद्दी घालतात तसा असावा, काम झालं की काढून टाकायचा. बाकीच्या मुली कडेने बोटभर सोडून कापत होत्या. मी मनात म्हटलं, या आळस करतात. (त्यांचीही मी आता माफी मागितली आहे. एकेकीची वेगळी.) सुमितदादाचे शर्ट, म्हणजे तुझ्या घरी जाणार, म्हणजे तू ते उलटे करणार. म्हणून मी तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून चिमटा आणि बारीक कात्री घेऊन पंधराही शर्टांचा कागद काढला. कडेचा काढला, पिसांच्या फटीतला काढला, चोचीच्या आतला काढला. एक टाका तुटू दिला नाही. रूपेश जाता येता विचारी, "कोंबडी सोलतेस काय गं?" मला ती शाबासकी वाटली. हर्षला ताईंनीही गठ्ठा बांधताना हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "मऊ झालंय." सुमितदादा सोमवारी येऊन घेऊन गेला. त्या संध्याकाळी मी चौकहून बसमध्ये चढले तेव्हा माझ्याइतकी सुखी मुलगी कर्जत-खालापुरात नव्हती.

नमुन्याचा एक शर्ट वाकडा उतरला होता तो ताईंनी मला वापरायला दिला. (तीनदा विचारूनच घेतला.) त्याचाही कागद मी काढला होता. मंगळवारी आईने तो धुतला. सुकल्यावर दोरीवरून काढायला गेले, तर गरुड कुठे आहे? चारी बाजूंनी कापड आक्रसून गोळा झालेलं, पंख पोटाशी आलेले, मान आत, आणि ती नजर अशी की आता कुणीतरी दाणे टाकेल. पावसात भिजून वळचणीला उभी राहिलेली तलंग, आत्या, हुबेहूब. बाबा म्हणाले, "चांगली काढलीय." त्यांना वाटलं, मुळातच कोंबडी आहे.

बुधवारी सकाळी जाऊन रूपेशला विचारलं. तो कागद रद्दी नव्हे. त्याला बॅकिंग म्हणतात. होजिअरीचं कापड लेचंपेचं, त्यावर हजारो टाके पडतात, त्यांचं ओझं तो धरून ठेवतो. शर्ट फाटेपर्यंत तो आत राहायचाच असतो. वर दिसणारी सगळी ऐट त्याच्या जिवावर. म्हणजे मी पंधरा गरुडांचे कणे काढून, घड्या घालून, कशेळ्याला पाठवले होते.

मी तशीच हर्षला ताईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, दाढीपासून. त्यांनी डोक्याला हात लावला. मग हसल्या. मग पुन्हा डोक्याला हात लावला. म्हणाल्या, "अगं, आळशी पोरी सांभाळल्या मी, पण असली कुठून आणू नि कुठं ठेवू?" मग काम सांगितलं: एका बाजूला गोंद असलेलं बॅकिंग मिळतं, ते मागून इस्त्रीने चिकटवलं की बरंचसं भागतं, फक्त कापडाला त्याआधी पाणी लागलेलं नको. "रविवारी पोरं मैदानात उतरतील तेव्हा गरुड गरुडासारखा दिसला पायजे. दिसला तर मशीन तुझी. नाय दिसला तर टेबल हाय आणि कात्री हाय."

अशी सगळी हकिकत आहे. तुझ्याकडे मागण्यासारखं काही नाही, फक्त मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. सुमितदादाला रविवारसाठी शुभेच्छा दे. त्याला सांग, यष्टीमागे उभं राहून बडबड करू नकोस, मागच्या वेळी त्या नादात झेल सुटला होता. मामांना आणि शेजारच्यांना जय भीम सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
दर्शना

ता. क. आता पाकीट उघड. त्यात गोंदाच्या बॅकिंगचे पंधरा गोल आहेत. शर्ट उलटा करायचा, चकाकणारी बाजू गरुडाच्या पाठीला लावायची, वर सुती रुमाल ठेवायचा आणि इस्त्री दाबून दहा आकडे मोजायचे. घासायची नाही. पाणी शिंपडायचं नाही. (तू सवयीने शिंपडशील, म्हणून आधी तांब्या उचलून आत ठेव.) वीज गेली तर तुझी कोळशाची इस्त्री आहेच. गोल थंड झाल्याशिवाय शर्ट हलवू नकोस. मी स्वतः आले असते, पण शाळेच्या बिल्ल्यांची ऑर्डर चालू आहे, आणि सुटून कर्जतला येईपर्यंत कशेळ्याची शेवटची जीप गेलेली असते.

ता. क. २. वर लिहिलेलं कारण आजचं खरं आहे, कालचं नाही. काल ताईंनी मला याच कामासाठी तीनला सोडलं होतं. पण ते गोल मला कात्रीने नीट गोल येईनात. चार कापले आणि टाकले. मग घरी येऊन वाटी ठेवून पेन्सिलने आखले, तर वाटीच एका बाजूने चेपलेली निघाली. शेजारून दुसरी आणली. पंधरावा गोल मनासारखा झाला तेव्हा नामा जीप घेऊन गेलेला होता. शर्टाच्या आतून लागणारी वस्तू, कुणाला दिसणार नाही, हे मला नंतर सुचलं.

ता. क. ३. आज सकाळी ताईंनी विचारलं, "काय गं, केलं का आत्याने?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. "सगळे?" "हो, पंधराच्या पंधरा, काल संध्याकाळीच." मी असं काही बोलले आहे यावर माझाच अजून विश्वास बसत नाही. मी दिवसभर जेवले नाही. ताई शनिवारी सकाळी दहाला स्वतः तुझ्याकडे येणार आहेत, शर्टांचे फोटो काढायला आणि तुला भेटायला. त्यांनी कधी केलंस म्हणून विचारलं, तर तू खोटं बोलू नकोस, तुला ते जमायचं नाही. तू नुसता चहा पुढे कर. पण शर्ट मात्र झालेले असू देत. आयुष्यात मी एवढं एकच खोटं बोलले आहे, ते फार वेळ खोटं राहू नये असं मला वाटतं. तेव्हा आत्या, पुन्हा वाचत बसू नकोस. ऊठ आणि इस्त्री लाव.