दंडावरची खूण

आईंना दर्शनाचा जय भीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून ठाण्याच्या हॉस्पिटलातून लिहितेय. सम्यकचा ताप उतरलाय.

सहा दिवस सगळे गोवरच म्हणत होते. शेवटी मी इथल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "गावी जाताना त्याची आजी म्हणालेली, दंडावरची लशीची खूण लाल झालीय." त्यांनी पुन्हा दंड बघितला. म्हणाल्या, "हा गोवर नाही, कावासाकी नावाचा आजार वाटतोय. यात रक्तवाहिन्या सुजतात, लशीची खूणही लाल होते."

मोतीबिंदू असून तुम्हालाच दिसलं ते. डोळ्यांत थेंब घालताय ना?

हृदयाची सोनोग्राफी केली. एक नस थोडीशीच फुगलीय. सलाइनमधून औषध दिलंय, दोन आठवड्यांनी परत बघतील.

मी बरी आहे. बाकड्यावर बसल्या बसल्या झोप लागते. मोठेपणी तो पळेल ना, हे विचारायला आज जीभ रेटली नाही. उद्या विचारते.

तुमची दर्शना